ना. म. जोशी : मर्जीपासून हक्कापर्यंत

मराठीत रूढ झालेल्या ‘रजा’ या शब्दाचे मूळ अरबी असून संमती, मर्जी हा त्याचा पहिला अर्थ होय. धन्याने खुशीने द्यावी आणि चाकराने मागून घ्यावी, हा संबंध त्या शब्दातच गृहीत धरलेला आहे. पुढे ‘हक्काची रजा’ असा प्रयोग मराठीत रुळला. मूळ अर्थ ध्यानी घेतला तर या प्रयोगात विसंगती आहे. जे मर्जीने मिळते ते हक्काचे नसते. ही विसंगती आज कोणाच्या कानाला खटकत नाही, याचे श्रेय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ज्या मोजक्या माणसांकडे जाते, त्यांत नारायण मल्हार जोशी यांचे स्थान अग्रभागी आहे. बाळंत झालेली कामगार स्त्री, यंत्रात हात गमावलेला कामगार आणि त्याच्या मागे राहिलेले कुटुंब यांना धर्मादायाच्या कक्षेतून काढून कायद्याच्या कक्षेत आणणे, या कामी त्यांचे आयुष्य वेचले गेले. ते काम कोठवर पोहोचले आणि कोठे अडले, याचा उलगडा त्यांच्या चरित्रातूनच होतो.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. शिक्षण पुण्यास झाले आणि १९०१ मध्ये ते पदवीधर झाले. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. १९०९ मध्ये जोशी त्या संस्थेत दाखल झाले. अल्प वेतनावर आजन्म सार्वजनिक कार्य करण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्या या मंडळींची भिस्त अभ्यासावर, आकड्यांवर आणि सनदशीर मार्गावर होती. जोशी यांच्या स्वभावाला ही शिस्त मानवली. वक्तृत्वाची चमक त्यांच्यापाशी नव्हती. एकच मुद्दा वर्षानुवर्षे न कंटाळता मांडीत राहण्याची चिकाटी मात्र विलक्षण होती.

समाजाच्या वतीने त्यांची नेमणूक मुंबईस झाली आणि १९११ मध्ये त्यांनी तेथे सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. परळ आणि आसपासच्या गिरणगावात रात्रीच्या शाळा, मोफत वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या असे लीगचे कार्य पसरत गेले. या कामामुळे जोशी चाळीतील खोलीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले आणि गिरणीच्या दरवाजातून न दिसणारी गोष्ट त्यांना तेथून दिसली. गिरणीत काम करणारा माणूस एकटा नसतो. त्याच्या मजुरीवर आणि त्याच्या वेळेवर घरातील तान्ह्या मुलाचा, आजाऱ्याचा व म्हाताऱ्याचाही हक्क असतो.

गिरणीच्या हिशेबात या हक्काला जागा नव्हती. कामावर न आलेल्या दिवसाला गिरणगावात ‘खाडा’ म्हणत. खाडा कशासाठी झाला हे हजेरीपटावर लिहिले जात नसे. ताप, बाळंतपण, घरातील मृत्यू आणि निव्वळ आळस यांची नोंद एकच आणि परिणामही एकच होता : मजुरी बुडत असे आणि जागेवर बदली कामगार उभा राहिला की ती जागा परत मिळण्याचा भरवसा नसे. नोकरी देणे व काढून घेणे जॉबरच्या हाती असल्यामुळे परत उभे राहण्यासाठी त्याची मनधरणी करावी लागे. बाळंतपणापूर्वी अगदी शेवटच्या दिवसापर्यंत काम करणाऱ्या आणि नंतर लवकरात लवकर साच्यापाशी परतणाऱ्या स्त्रिया हे गिरणगावातील नित्याचे दृश्य होते. घरी ठेवलेले मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याची चाल त्या काळच्या सरकारी पाहण्यांतही नमूद झाली आहे. अज्ञान हे त्या चालीचे एक कारण खरे. परंतु दहा तास दूर राहणाऱ्या आईपुढे दुसरा उपाय नव्हता, हे अधिक मोठे कारण होते.

कामगाराच्या वेळेवर त्याचा स्वतःचा काही अधिकार असतो, हा विचार मुंबईला सर्वस्वी नवा नव्हता. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मिल हॅण्ड्स असोसिएशन स्थापन केली होती आणि १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. लोखंडे यांनी आठवड्याचा एक दिवस मागितला. जोशी यांच्यापुढील प्रश्न वेगळा होता. रविवार सर्वांचा एकाच वेळी येतो. आजारपण, अपघात आणि बाळंतपण ज्याचे त्याच्यावर, न सांगता येते. त्या दिवसांची मजुरी कोणी द्यायची, हा त्यातील खरा पेच होता.

या पेचाला जागतिक परिमाण मिळाले ते १९१९ मध्ये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद त्या वर्षी वॉशिंग्टन येथे भरली आणि भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांची निवड केली. कामगार संघांना न विचारता झालेल्या या निवडीवर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. परिषदेने प्रसूतिसंरक्षणाचा करार संमत केला. प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवू नये. प्रसूतीपूर्वी सहा आठवडे कामावरून दूर राहण्याचा तिला अधिकार असावा. या काळात तिच्या व मुलाच्या पोषणास पुरेल एवढे साहाय्य सरकारी निधीतून अथवा विम्यातून मिळावे. कामावर परतल्यावर मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा अर्धा अर्धा तास मिळावा, अशी त्यातील कलमे होती. भारतावर मात्र हा करार बंधनकारक झाला नाही. येथील परिस्थिती निराळी असल्याचे कारण देण्यात आले आणि सरकारने या प्रश्नाचा अभ्यास करावा एवढ्यावर तो विषय थांबला. जोशी परतले ते हा अपुरा राहिलेला भाग मनात घेऊन.

३१ ऑक्टोबर १९२० रोजी लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. वॉशिंग्टनसारख्या परिषदांना जाणारे प्रतिनिधी कामगारांनीच निवडावेत, ही तिच्यामागील एक प्रेरणा होती आणि जोशी तिच्या संस्थापकांपैकी एक होते. १९२१ पासून कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून ते मध्यवर्ती विधिमंडळात बसू लागले. त्याच वर्षी सरकारने देऊ केलेला सी. आय. ई. हा किताब त्यांनी नाकारला. सरकारने नेमलेला सभासद असूनही सरकारचा मिंधा न होण्याची ही कसरत त्यांना पुढे पाव शतक करावी लागली.

१९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याच्या चर्चेत जोशी यांनी कामगारांची बाजू लावून धरली होती. या कायद्याने प्रथमच असे ठरले की, काम करताना व कामामुळे झालेल्या इजेची भरपाई देणे हे मालकाचे कर्तव्य असून त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू आल्यास ३० महिन्यांची मजुरी, पण २५०० रुपयांपर्यंतच. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ४२ महिन्यांची मजुरी, पण ३५०० रुपयांपर्यंतच, अशी त्याची मोजणी होती. कायद्याच्या परिशिष्टात मानवी देहाचा एक कोरडा हिशेब मांडलेला आहे. कोपरापासून वर उजवा हात गेला तर कमाईची शक्ती शेकडा ७० घटली असे धरावे, डावा गेला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०. वाचताना अंगावर काटा यावा असा हा तक्ता आहे. परंतु तो नव्हता तेव्हा तुटलेल्या हाताची किंमत मालकाच्या दयेवर अवलंबून होती आणि बहुधा ती शून्य असे. तक्त्यामुळे कामगाराला आकडा मिळाला आणि आकडा मिळाला म्हणून मागणी करता आली.

याच कायद्यातील अवलंबितांची व्याख्याही पाहण्यासारखी आहे. पत्नी, आईवडील, अज्ञान मुलगे व अविवाहित मुली यांच्याबरोबर अज्ञान भाऊ आणि अविवाहित बहीण यांचाही तीत समावेश होता. एकत्र कुटुंबाचे वास्तव कायद्याने येथे ओळखले; मात्र ते ओळखले कामगाराच्या मृत्यूनंतर. कामगार जिवंत असताना त्याचे आईवडील अंथरुणाला खिळले, तर त्यांच्यासाठी चार दिवस काढण्याचा अधिकार त्याला कोणत्याच कायद्याने दिला नाही. कुटुंब कायद्याच्या दृष्टीस पडण्यासाठी कमावत्या माणसाला आधी मरावे लागत होते.

१९२४ मध्ये जोशी यांनी विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले. कारखाने, खाणी आणि चहाचे मळे यांत काम करणाऱ्या स्त्रियांना प्रसूतीच्या आगेमागे विश्रांती आणि त्या काळात आर्थिक साहाय्य मिळावे, असा त्याचा आशय होता. त्यातील सर्वांत दूरदर्शी भाग साहाय्याच्या उगमासंबंधीचा होता. ज्या मालकाकडे ती स्त्री काम करते त्याच्या एकट्याच्या खिशातून पैसा न घेता, मालकांच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या एका सामाईक निधीतून तो द्यावा, अशी त्यांची योजना होती. बाळंतपणाचा खर्च एका मालकावर पडला, तर तो मालक स्त्रियांना कामावरच घेणार नाही. निधी सर्वांचा असला, तर कोणा एकाला स्त्री महाग पडणार नाही. सरकारी आणि मालकपक्षीय सभासदांनी विरोध केला. अशी मागणी खुद्द स्त्रियांकडून आलेली नाही, दाया व स्त्री-डॉक्टर पुरेशा नाहीत, उद्योगाला हा भार पेलणार नाही, अशा स्वरूपाच्या हरकती त्या काळात घेतल्या जात. विधेयक फेटाळले गेले.

पराभूत विधेयक वाया गेले नाही. मुंबई कायदे कौन्सिलात रामचंद्र संतूराम आसवले यांनी प्रांतापुरते विधेयक आणले. १९२८ च्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. या खर्चाचा मोठा भाग शासनाने उचलणे योग्य ठरेल हे मान्य करूनही, स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने तूर्त तो सोसावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूतिसाहाय्य कायदा झाला. प्रसूतीपूर्वी तीन आणि नंतर चार आठवडे, दररोज आठ आणे. देशातील या प्रकारचा हा पहिला कायदा होय. पाठोपाठ मध्य प्रांताने आणि पुढे इतर प्रांतांनीही कायदे केले. मात्र जोशी यांच्या मूळ योजनेतील सामाईक निधी या कायद्यातून गळाला होता. पैसा ज्याच्या त्याच्या मालकाने द्यायचा होता. जे मिळण्यासारखे होते ते मिळाले आणि जे सोडावे लागले त्याची किंमत पुढे स्त्रियांनी मोजली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पंचमांश असलेल्या स्त्रिया नंतरच्या दशकांत झपाट्याने कमी होत गेल्या. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे व कामाची फेररचना ही त्याची मुख्य कारणे. स्त्री कामगार महाग पडते हा मालकांचा हिशेब हेही त्यांतील एक.

१९२९ हेच वर्ष जोशी यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंगाचेही होय. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले आणि जोशी त्याचे सभासद झाले. आदल्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांत महिनोन् महिने चाललेला सार्वत्रिक संप झाला होता आणि चळवळीतील तरुण, जहाल पक्ष बळावला होता. साम्राज्य सरकारच्या कमिशनशी सहकार्य म्हणजे कामगारांशी द्रोह, असे त्या पक्षाला वाटत होते. वर्षाच्या अखेरीस जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नागपूर येथे भरलेल्या ट्रेड युनियन काँग्रेसच्या अधिवेशनात कमिशनवर बहिष्काराचा ठराव झाला. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. ज्या संस्थेचे ते संस्थापक आणि सरचिटणीस होते, तीच त्यांना सोडावी लागली.

या निर्णयाचे मूल्यमापन आजही एकमताने होत नाही. चळवळ फुटली आणि मालकांच्या विरोधातील बळ विखुरले, हे निर्विवाद आहे. दुसऱ्या बाजूला १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमिशनच्या अहवालाने मुंबईच्या धर्तीवर प्रसूतिसाहाय्याचे कायदे सर्वत्र व्हावेत, स्त्रिया मोठ्या संख्येने असतील तेथे पाळणाघरे असावीत, नुकसानभरपाई अधिक विस्तृत व्हावी आणि आजारविम्याच्या योजनेची तयारी सुरू व्हावी, अशा शिफारशी केल्या. १९३३ मध्ये नुकसानभरपाईच्या कायद्यात सुधारणा झाली. संप हे हत्यार जोशी यांनी त्याज्य मानले नव्हते. पण संप करू शकत नाही अशा माणसाचे काय, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीपुढून कधी हलला नाही. बाळंतीण संप करू शकत नाही, अंथरुणावरचा रुग्ण मोर्चात येऊ शकत नाही. त्यांच्यासाठी कायद्याचाच आधार लागतो, या जाणिवेतून ते कमिशनमध्ये गेले, असा त्यांच्या कृतींचा अर्थ लागतो.

पुढील दशकात दुरावलेले गट जवळ आले आणि १९४० मध्ये जोशी पुन्हा ट्रेड युनियन काँग्रेसचे सरचिटणीस झाले. ज्यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद होते अशा कम्युनिस्ट कार्यकर्त्यांबरोबर त्यांनी १९४८ पर्यंत त्या पदावर काम केले. दरम्यान विम्याचा विचार आकार घेत होता. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४४ मध्ये अडारकरांचा अहवाल आला, त्यावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी विचार केला आणि आजार, प्रसूती व कामावरील इजा या तिन्ही गोष्टी एका विम्याखाली आणणारा कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १९२४ मध्ये मांडलेला आणि फेटाळला गेलेला सामाईक निधी २४ वर्षांनी असा निराळ्या रूपाने परत आला. ३० मे १९५५ रोजी जोशी यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी हा निधी प्रत्यक्ष चालू झालेला पाहिला होता.

त्यांच्या कार्याच्या मर्यादा त्यांच्या काळाच्या आहेत, तशा त्यांच्या मार्गाच्याही. कायदा कारखान्याच्या भिंतीपाशी थांबला. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, हातगाडीवाले त्याच्या बाहेर राहिले. नुकसानभरपाईने अपंगत्वाचे पैसे दिले, पण अपंग झालेल्या माणसाला कामावर परत घेण्याचे बंधन घातले नाही. नोकरीत असताना अपंगत्व आल्यास कामावरून काढता येणार नाही, ही तरतूद १९९५ च्या कायद्याने आणि नंतर २०१६ च्या कायद्याने आणली. तीही सरकारी आस्थापनांपुरती. सांभाळ करणारी व्यक्ती म्हणजे आई, हे गृहीत तर अधिकच चिवट ठरले. केंद्र सरकारने २००८ मध्ये आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली आणि २०१८ मध्ये ती एकट्या पुरुष पालकांनाही लागू केली; परंतु वृद्ध आईवडिलांच्या आजारपणासाठी सर्व कामगारांना लागू होणारी वैधानिक रजा भारतात नाही. कुटुंबाची जबाबदारी असलेल्या स्त्री-पुरुष कामगारांविषयी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८१ मध्ये केलेल्या करारालाही भारताने मान्यता दिलेली नाही.

मुंबईत उपस्थित झालेला हा प्रश्न मुंबईपुरता राहिला नाही. बंगळूरजवळील के. आर. पुरम येथे त्याचे पुढचे रूप पाहावयास मिळते. विमा कायदा झाला त्याच १९४८ साली तेथील दूरवाणीनगरात इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सार्वजनिक उद्योग उभा राहिला. दूरध्वनीची जुळणी करण्याच्या नाजूक कामावर तेथे स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ज्या पिढीने गिरणीत खाडा मोजलेला पाहिला, तिच्या पुढच्या पिढीला नोकरीबरोबरच रजेचे नियम मिळाले. आज तेच के. आर. पुरम व्हाइटफील्ड आणि बाह्य वर्तुळ मार्गावरील संगणक-उद्योगाकडे जाणाऱ्या वाटांचा नाका आहे आणि त्या वाटेने जाणाऱ्यांत मराठी घरांतील मुलेमुलीही आहेत.

या नाक्यावर जोशी यांचा शतकापूर्वीचा प्रश्न अजून उभा आहे. २०१७ मध्ये प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. राज्य विम्याच्या मर्यादेत वेतन असलेल्या स्त्रीला या काळाचे पैसे सामाईक निधीतून मिळतात. ज्या स्त्रीचे वेतन त्या मर्यादेपलीकडे आहे तिचा भार तिच्या मालकावरच पडतो. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे सारे कायदे एकत्र गुंफले गेले. तरी ही विभागणी मिटली नाही. म्हणजे १९२४ मध्ये निधीची योजना का मांडली गेली, हे समजण्यासाठी जुनी इतिवृत्ते चाळण्याची गरज नाही. नोकरीच्या मुलाखतीत तरुण विवाहितेला आडवळणाने विचारला जाणारा प्रश्न ऐकला तरी पुरे. आणि दुचाकीवरून घरपोच माल नेणारा किंवा इमारतीवर विटा वाहणारी यांच्या बाबतीत खाडा अजून खाडाच आहे.

मुंबईत लोअर परळच्या ज्या रस्त्याला पूर्वी डिलाइल रोड म्हणत, त्याला आता ना. म. जोशी यांचे नाव आहे. त्या रस्त्यालगतच्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी कचेऱ्यांचे उंच मनोरे आले. त्या मनोऱ्यांत रजेचा अर्ज भरणाऱ्याला हे नाव पत्त्यापुरतेच ठाऊक असते. अर्ज भरताना त्याला कोणाची मनधरणी करावी लागत नाही, एवढ्यापुरते जोशी यांचे काम पूर्ण झाले आहे; आजाऱ्या आईचे कारण लिहिताना त्याचा हात अडखळतो, तेथून ते अपुरे आहे.